नळाचा खड्डा

आमच्या गल्लीत नळाला जोर नव्हता. म्हणून प्रत्येकाने दारापुढे खड्डा खणून नळ खाली उतरवलेला. भागिरथा, माझी बायको, त्या खड्ड्यात दगडावर बसून पाण्याचा पितळी गुंड भरायची. दगड तिच्या माहेरचा, इंझोरीचा. पाणी यायच्या आधी नळातून हवा सुटते, कोणी झोपेत सुस्कारा टाकावा तशी. तो आवाज आला की ती म्हणायची, "आलं, पाहा." भरणं झालं की हात वर करायची. मी ओढून वर घ्यायचो.

ती गेली. पाण्याच्या दिवशी आता मीच त्या दगडावर बसतो. नळ सुस्कारतो, हवा गालाला लागते, मी डोळे मिटतो. गुंड भरून वाहतो तरी उठत नाही.

यंदा गल्लीत नवी पाइपलाइन टाकली. सगळे आपापला खड्डा बुजवायला तयार झाले. मी नाही म्हणालो.

जोडणीवाला ग्यानबा म्हणाला, "मामा, जुना पाइप सडला. नालीचं पाणी तुमच्या खड्ड्यात झिरपते, अन् पाणी बंद झालं का पाइप ते ओढून घेते. जुनी लाइन तोडल्याबिगर नवी चालू होत नाही."

"माह्या दारातला खड्डा आहे. राहू दे."

समोरच्या सुकेशनीने दारातूनच सुनावलं, "भाऊजी, माह्या पोरीले हगवण लागली! गल्लीले नाली पाजून राह्यले का तुमी?"

मी खड्ड्याच्या काठाशी आलो. मग म्हणालो, "शेवटचं एक डाव बसू द्या."

खाली उतरलो. दगड गार होता. वर दुपारचं ऊन, खाली सावली. माणसांचे आवाज दूर दूर गेले. नळ सुस्कारला. आज त्याला नालीचा वास होता. वासातूनच भागिरथा बोलली, "काहून बसले इथं? माहे गुडघे गेले या खड्ड्यात. हात द्या."

मी हात वर केला. ग्यानबाने धरला आणि मला ओढून वर घेतलं.

"दगड तेवढा काढून दे," मी म्हणालो.

मग त्याने माती लोटली.

आता नळ कमरेएवढा उंच आहे. दगड त्याच्या खाली ठेवलाय. पहिल्यांदा पाणी यायच्या आधी नवा नळही सुस्कारला.

"आलं, पाहा," मी मोठ्याने म्हणालो.

"मंग भरा नं भाऊजी," सुकेशनी समोरून ओरडली, "पाहता कायले!"