पाटी लावलेलं बटण

अगं, मध्ये काही विचारू नकोस, आधी नुसतं ऐक. तर ती बाथरूमच्या फरशीवर फतकल मारून बसलेली. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने वॉशिंग मशीनचं दार खेचतेय, आणि दार ढिम्म हलत नाहीये. काचेतून सासऱ्यांचा पांढरा कोट दिसतोय, चोळामोळा झालेला. एक बाही काचेला अशी चिकटलीये की आतून कोणीतरी टाटा करतंय असं वाटावं.

कोट बँडचा. सासरे वीज उपकेंद्रातून निवृत्त झाले आणि त्यांच्यासारख्याच रिकाम्या मित्रांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला लागले. त्या संध्याकाळी भरल्या हॉलमध्ये कार्यक्रम, आणि शेवटच्या गाण्यात एक तुकडा त्यांनी एकट्याने वाजवायचा. पहिल्यांदाच! बँडमास्तर मात्र एक नंबरचा खडूस. कोट नाही तर स्टेज नाही. मागे एकाचं नुसतं बटण तुटलं होतं, तर त्याला प्रेक्षकांत बसवून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

सासरे सकाळी दोनदा म्हणाले होते, "राहू दे गं, आहे तसा चालेल." पण हिला हौस. नवीन सून ना! कॉलरवर पिवळट डाग दिसला, दिला टाकून मशीनमध्ये. आणि मशीन अर्ध्यातच बसलं रुसून. कुठलंही बटण दाबा, पीं करून ओरडायचं आणि पडद्यावर कुलपाचं चित्र लुकलुकवायचं.

"काचेत पाणी दिसतंय का?" फोनवरून मेकॅनिकने विचारलं.

"नाही. सगळं गेलंय."

"मग रीसेट करा, सोपंय. मेन बटण बंद करा आणि पंधरा-वीस मिनिटं मशीनला विसरून जा. आतलं लॉक गार पडलं की दार आपोआप सुटतं. फक्त मध्ये करंट देऊ नका, नाहीतर सगळं परत पहिल्यापासून."

"तुम्हीच या ना प्लीज."

"ताई, मी आत्ता दुसऱ्यांच्या मशीनमध्ये खांद्यापर्यंत आहे."

मेन बटण बाहेर, पॅसेजच्या भिंतीवर. तिने ते बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे सासूबाई शिंप्याकडे निघायच्या तयारीत होत्या.

"बादली होती, साबण होता, माझे दोन हात होते," सासूबाई पिशवी शोधता शोधता म्हणाल्या. "पण नाही! एका कोटासाठी एवढं मोठं धूड फिरवायचं."

"आई, निघेल हो."

"निघेल, निघेल. नाही निघाला तर मशीनच उचलून बसव स्टेजवर. कोट आतच आहे म्हणावं."

सासूबाई गेल्या. थोड्या वेळाने ती परत येऊन बघते तर कुलूप लुकलुकतंच आहे. आणि बटण? चालू! आपण बंद केलंच नव्हतं की काय? तिने स्वतःच्याच डोक्यात टपली मारली, बटण नीट बघून, बोट ठेवून बंद केलं, आणि कपड्यांच्या घड्या करायला बसली.

परत आली. परत चालू.

आता मात्र तिला हसू फुटलं. हे तर बाबांचंच काम! माणसाचा अख्खा जन्म उपकेंद्रात गेलेला. गेलेली वीज परत आणायची, याचाच पगार. घरातसुद्धा कुठे बटण बंद दिसलं की यांचा हात शिवशिवतो. गीझर, पंखे, एकदा तर रिकाम्या माळ्यावरचा दिवा दिवसभर जळत होता. मग तिने काय केलं माहितीये? त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर चालवलं. जेवताना ते कितीदा तरी सांगायचे, की बटणावर पाटी असली ना, तर प्रत्यक्ष साहेब आला तरी हात लावायचा नाही. कारण पलीकडे कोणाचा तरी हात तारेवर असतो. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. तर तिने बुटांच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काम चालू आहे', आणि दोरा लावून दिलं बटणावर लटकवून. आता बघूच, म्हणाली.

सासरे तिकडे खोलीत सराव करत होते. सूर चढत चढत यायचा, वरच्या पट्टीच्या तोंडाशी आला की थांबायचा. मग खोकला. मग पुन्हा पहिल्यापासून. बिचारे, तिला वाटलं, कोटाच्या काळजीनेच लक्ष लागत नसेल. माझ्यामुळे! लग्नाला वर्षही झालं नाही आणि सासऱ्यांच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस मी साबणात बुडवला. सगळे नातेवाईक काय म्हणतील? नवरा तर ऑफिसातून थेट हॉलवरच येणार होता, आणि त्याला सांगायची तिची हिंमत नव्हती.

ती पुन्हा पॅसेजमध्ये आली. पाटी जागच्या जागी. उलट तिने लावली होती त्याहून सरळ. दोराही नीट बसवलेला.

आणि पाटीच्या मागे बटण चालू.

अगं, तिथे तिचं हसू गेलं. सवय म्हणावी, तर सवय पाटी बघून थांबली असती. या माणसाने पाटीला हात लावला म्हणजे... काहीतरी वेगळंच होतं. तिने बटण बंद केलं. पण या वेळी गेली नाही कुठे. बाथरूमचा दिवा घालवला, दार जरासं लोटलं आणि आत उभी राहिली, श्वास रोखून.

सपाता वाजल्या. सासरे आले. पाटीसमोर उभे राहिले, आणि किती वेळ नुसते बघतच राहिले तिच्याकडे. मग उजव्या हाताने पाटी अलगद उचलली. डावा हात मात्र गालावर गेला. बोटांनी जबडा चाचपला, तोंड एकदा उघडलं, मिटलं, आणि अंगठ्याने वरचे दात आत दाबले.

कवळी! नुकतीच बसवलेली नवी कवळी. तिला एकदम ते अर्ध्यात तुटणारे सूर आठवले आणि सगळं लख्ख कळलं. यांना कोट बाहेर यायलाच नकोय.

ती खोकली.

सासऱ्यांचा हात झटकन खाली आला. "काही नाही, काही नाही. पाटी बघत होतो. अक्षर छान आहे हं तुझं," म्हणाले आणि सपाता घाईघाईने लांब गेल्या.

ती तिथेच बसून राहिली, मशीनला पाठ टेकून. बऱ्याच वेळाने पाठीमागे आवाज झाला. टक. एवढासाच. दार सुटलं होतं.

"सुटलं का गं?" खोलीतून हाक आली. आणि तो आवाज कसा होता सांगू? शाळेत गृहपाठ न केलेलं पोर विचारतं ना, बाई आल्यात का, अगदी तसा.

तिने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. सकाळपासून तिला दुसरं काही नकोच होतं!

"नाही बाबा," ती म्हणाली. "आज सुटेल असं वाटत नाही."

मग सासरे आले, बादली उलटी करून तिच्यासमोर बसले, आणि काय खुलले म्हणून सांगू! तू वाईट वाटून घेऊ नकोस, यंत्रच ते, त्याला काय कळतंय, आमच्या उपकेंद्रात तर एकदा एक मांजर आत शिरलं आणि अर्धं गाव अंधारात... ती ऐकत होती, मान डोलवत होती. एवढं सलग ते तिच्याशी कधी बोललेच नव्हते. बोलता बोलता, कोटाला शेवटचा रामराम घालावा तसे ते वाकले आणि दाराला सहज बोट लावलं.

दार उघडलं.

दोघं दाराकडे बघताहेत. ओला कोट घसरून बाहेर लोंबला.

"खोटं बोललीस," सासरे म्हणाले.

"तुम्ही पाटीला हात लावलात."

सासऱ्यांनी मान खाली घातली. "नोकरीत कधी नाही लावला गं. एकदाही नाही."

"माहितीये मला."

"वरचा सूर घ्यायला गेलो की सरकते," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांसमोर बाहेर आली तर?"

"आली तर आली. मी पहिल्या रांगेत बसते ना, झेलायला."

सासरे असे हसले, असे हसले, की कवळी खरंच सुटली. त्यांनी ती हातात घेतली, तरी हसतच होते. गाल आत गेलेले, डोळ्यांत पाणी. हिला वाटलं होतं ते लाजतील. छे! तशाच बोळक्या तोंडाने म्हणाले, "इस्त्री तापव."

सासूबाई परतल्या तेव्हा कोटातून वाफा निघत होत्या.

"निघाला वाटतं. काय झालं होतं एवढं?"

"लॉक गार पडत नव्हतं," सासरे म्हणाले.

"मग दात काढायला काय झालं दोघांना?"

त्यावर तर ती इस्त्री बाजूला ठेवून पळालीच.

संध्याकाळी ती खरंच पहिल्या रांगेत होती, मांडीवर मोठा रुमाल पसरून. नवरा विचारतोय, अगं हे काय, तर हिचं लक्षच नाही. कोटाची कॉलर अजून जरा ओली होती. सासरे उभे राहिले, सूर चढत गेला, वरच्या पट्टीशी आला, त्यांनी एकदा रुमालाकडे बघितलं, आणि घेतला. किंचित चिरकला, अगदी किंचित. पण घेतला. टाळ्या पडल्या आणि तिने रुमालाची घडी केली.

आता मला सांग. ते दार टक करून सुटलं, तिकडून हाक आली, 'सुटलं का गं?' तू असतीस तर काय म्हणाली असतीस?