आंबलेल्या शिदोरीचा वाटा

कीर्तन ऐकण्यात माझा हात कोणी धरणार नाही. चाळीस वर्षं मी कारध्याच्या देवळात पहिल्या रांगेत बसलो, बुवांच्या चुका बोटांवर मोजल्या, आणि कथा रंगली की सगळ्यांच्या आधी डोळेही पुसले. उभं राहून कीर्तन करायची वेळ मात्र एकदाच आली. त्याला लंडनची एक कंपनी कारणीभूत झाली. म्हणजे कंपनी बिचारी निर्दोष. तिचं म्हणणं अर्धवट ऐकणारा मी.

साल अठ्ठ्याहत्तर. माझी थोरली बहीण गोदावरीबाई गोकुळाष्टमीचा उपास धरायची आणि दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन झाल्यावर, काल्याचा प्रसाद घेऊनच तो सोडायची. कीर्तन नाही, तर अन्न नाही. आदल्या वर्षी पुरामुळे बुवा एक दिवस उशिरा आले. बाई दोन दिवस उपाशी राहिली आणि देवळाच्या पायरीवर भोवळ येऊन पडली. तिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर मी जबाबदार नाही." उत्सवाचा प्रमुख मी, म्हणजे जबाबदार कोण ते उघडच होतं. मी बाईला शब्द दिला, "औंदा कीर्तन वेळेवर होईन."

"वासुदेवा, तू मागच्या साली बी हेच बोलला होता," बाई म्हणाली.

तिचा मुलगा घनश्याम लंडनहून महिनाभराच्या रजेवर आला होता, आईच्याच काळजीनं. तिथे तो अशा कंपनीत होता, जी पुष्कळ लोकांचे थोडेथोडे पैसे एकत्र करून देशोदेशीच्या कारखान्यांचे शेअर घेते. एका संध्याकाळी ओट्यावर पोहे खाता खाता मी त्याला विचारलं, "पण बुडाले तर?"

"म्हणूनच तर वाटून ठेवतो, मामाजी. थोडं जपानच्या मोटारीत, थोडं स्वित्झर्लंडच्या औषधात, थोडं अमेरिकेच्या ट्रॅक्टरात. कोणत्याही एका कंपनीत शंभरातले पाचाच्या वर नाही. एक बुडाली तरी बाकीच्या तारतात."

"अरे, हा तर गोपाळकाला!" मी म्हणालो. "सगळ्यांच्या शिदोऱ्या एका मडक्यात!"

"तसंच. पण घ्यायच्या आधी शिदोरी उघडून पाहतो, तिचे हिशेब तपासतो. मग चलनाचं पाहा. तिकडे मोटारी खूप खपल्या, पण येन पडला, तर नफा आपल्या पैशात बदलता बदलता आटून जाते."

मला हे ताबडतोब पटलं. नागपूरचे बुवा महाविद्वान, पण त्यांचं ज्ञान आमच्या गावच्या चलनात बदलेपर्यंत निम्मंच उरायचं.

"अन् थोडी रोख हाती ठेवतो. तिच्यातून मिळत काही नाही, पण लोक पैसे मागाले आले तर कामी येते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, मामाजी, त्र्याहत्तरात तेल महागलं तेव्हा..."

तेवढ्यात देवळात घंटा झाली. आरतीला उशीर करणारा माणूस मी नव्हे. "बाकीचं मंग सांग," म्हणून मी उठलो. त्या 'मंग'ची आठवण मला पुढे तीन आठवडे झाली नाही. मला वाटलं, लंडनची विद्या मी पोह्यांच्या एका बशीत शिकलो.

दुसऱ्याच दिवशी मी तीन पोस्टकार्डं टाकली. एक नागपूरच्या बुवांना, एक तुमसरच्या, एक पवनीच्या. तीन गावं, तीन दिशा. एक अडला तर दोघं येतील. तिघंही आले तर? पूर्वरंग एकाकडे, उत्तररंग दुसऱ्याकडे आणि आरती तिसऱ्याकडे. ही योजना मी गावभर समजावून सांगितली. ज्यांना समजली नाही, त्यांची मला कीव आली.

काल्याच्या दिवशी सकाळी मृदंग वाजवणारा सेवकराम भिजत देवळात आला.

"गुरुजी, तुमचे तिन्ही बुवा आले."

"पाहिलं!" मी घनश्यामकडे वळून म्हणालो.

"नदीपल्याड, भंडाऱ्याच्या काठावर आले. वैनगंगा पुलावरून चालली आहे. पलीकडे तीन छत्र्या दिसून राहिल्या."

मी पुलापर्यंत धावत गेलो. पूल नव्हताच, नुसतं गढूळ पाणी. पलीकडे खरंच तीन छत्र्या होत्या, एकमेकींना अगदी खेटून. घनश्याम मागून आला.

"मामाजी, गावं तीन, पण पूल एकच. त्या दिवशी हेच सांगत होतो. तेल महागलं तेव्हा जपान, अमेरिका, युरोप सगळेच एकदम पडले, काहून का साऱ्यांच्या चुली एकाच तेलावर. तेव्हापासून आम्ही देश मोजत नाही, चूल कशावर चालते ते पाहतो. तुम्ही आरतीले उठून गेले."

"लाखनीचे बुवा..." मी पुटपुटलो. लाखनी आमच्याच काठाला. त्यांचा आवाज बसका म्हणून मीच त्यांचं नाव खोडलं होतं. आता त्यांना आणायला संध्याकाळ झाली असती.

देवळात परतलो तेव्हा बाई खांबाला टेकून बसली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम.

"आई, दोन घास खा ना," घनश्याम म्हणाला.

"कीर्तन होऊ दे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मामाजी, हाती रोख काय आहे?"

सेवकरामनं माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्या देवळानं. चाळीस वर्षं काही न पिकवता पडून राहिलेली रोख गावात एकच होती.

मी उपरणं बांधलं, टाळ घेतले. नमन पार पडलं. अभंगाचा पहिला चरण आला, दुसरा आला नाही. पहिलाच चार वेळा म्हटला, तेव्हा सेवकरामनं दया येऊन मृदंग थांबवला. आता निरूपण. सुचलं ते एकच.

"देवानं सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या," मी म्हणालो. "कोणाची भाकर, कोणाचं लोणचं, कोणाचं दही. एकाची सांडली तरी उपाशी कोणीच राहात नाही. पण देव मोठा हुशार! त्यानं प्रत्येक शिदोरी उघडून हुंगली, अन् जी आंबली होती ते फेकून देल्ली."

"वासुदेव!" खांबापासून आवाज आला. "देव कोणाची शिदोरी फेकत नाही."

कीर्तनात कोणी मध्ये बोललं, की पहिल्या रांगेतून त्याला दटावणारा मीच असायचो. मान खाली घालून मी खरं तेच बोललो.

"चुकलो, बाई. फेकली नाही. चिमूटभर घेतली. त्या गोपाळानंही प्रेमानंच आणली होती ना. बाकीच्यांच्या चवीत ते खपून गेली."

बाईनं डोळे मिटले. मी घाबरलो. पण तिचे हात वर आले आणि एक टाळी वाजली, मग दुसरी. सेवकरामनं ठेका धरला, गाव गजरात उभं राहिलं आणि माझा बेसूर आवाज त्या सुरात कुठे बुडाला ते देवालाच ठाऊक. हंडी फुटली. मी काल्याचा द्रोण घेऊन बाईपुढे बसलो, पण तो पुढे करायची हिंमत होईना.

"बाई, हे कीर्तन धरतेस ना?"

"बेकार होतं," बाई म्हणाली. "पण झालं." आणि तिनं द्रोण माझ्या हातातून ओढून घेतला.

दुसऱ्या घासाला तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिसऱ्याला तिनं मुलाला विचारलं, "काहून रे घनश्याम, तुह्या कंपनीत बी मामासारखे राहतेत का?"

"राहतेत ना, आई," घनश्याम म्हणाला. "पण शंभरातले पाचाच्या वर नाही."