खुर्चीवरची नमाज

नमाजेत कपाळ जमिनीला टेकतं, ही गोष्ट मला जन्मापासून ठाऊक. डॉक्टरला विचारायची नेमकी तेवढीच राहिली. तिखट चालेल का, हेल्मेट चालेल का, बाकी सगळं विचारून झालं होतं. सोमवारी डोक्यावर केसांचे बावीसशे ग्राफ्ट लावून घेतले आणि घरी निघताना नर्सबाई म्हणाल्या, "दहा दिवस कपाळ कशालाच लागू द्यायचं नाही. डोकं खाली करून वाकायचंही नाही." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, ठीक आहे, दहा दिवस खुर्चीवर बसून पढू. आजारी माणसांना तेवढी सवलत आहेच.

मी याह्या. गारखेड्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. पंचविशीत केस मागं सरायला लागले आणि तिशी गाठेपर्यंत दोन स्थळांनी फोटो बघूनच नकार कळवला. तिसऱ्या वेळी पैठणच्या रहीमचाचांच्या मुलीशी, युसराशी मंगनी ठरली, तेव्हा मी टोपी घालूनच गेलो. तिथं सगळ्याच पुरुषांच्या डोक्यावर टोपी होती, कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं. पुढं एकदा युसरानं फोनवर विचारलं, "केस कसे ठेवता तुम्ही?" मी तिला सहा वर्षांपूर्वीचा फोटो पाठवला. निकाहला आठ महिने होते आणि तेवढ्यात केस येतील असं डॉक्टर म्हणत होते. मग ते खोटं कुठं राहिलं, अशी मी माझी समजूत घातली. उन्हाळ्याची सुटी लागली आणि फक्त थोरल्या बहिणीला, हसीना आपाला सांगून मी डोकं त्या डॉक्टरच्या हवाली केलं.

पहिले तीन दिवस बसल्या बसल्या झोपलो. दर अर्ध्या तासाला डोक्यावर मिठाच्या पाण्याचा फवारा मारला. चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांवर उतरली. ती उतरणार हे सांगून ठेवलेलं होतं, पण नेमका शुक्रवार होता आणि जुम्याची नमाज चुकवायला मन धजेना. सैलसर टोपी घालून मशिदीत गेलो. म्हाताऱ्यांच्या शेजारी शेवटच्या खुर्चीवर बसलो आणि सजद्याला, म्हणजे कपाळ टेकायच्या वेळी, जरासा पुढं झुकलो. दुआ मागून मान वळवली तर दाराजवळ रहीमचाचा. शहरातल्या एका दुकानात पैठणी पोचवायला आले होते. त्यांनी माझे सुजलेले डोळे पाहिले, खुर्ची पाहिली, सलामाला उत्तर दिलं आणि निघून गेले.

संध्याकाळी आपाला त्यांचा फोन आला. मी समोरून हातवारे केले, कमर सांग, कमर. ती म्हणाली, "कमरेत उसण भरलीय चाचा, बाकी कायबी नाय." फोन ठेवून ती माझ्याकडं वळली.

"त्यांना वाटतंय, तुझी किडनी गेली."

युसराची थोरली बहीण लाइबा. तिच्या सासरच्यांनीही मुलगा ठणठणीत आहे असंच सांगितलं होतं. लग्नानंतर कळलं, त्याचं डायलिसिस चालू आहे. दोन वर्षांत लाइबा विधवा होऊन माहेरी आली. तिच्या नवऱ्याचा चेहराही असाच सुजायचा म्हणे.

"खरं सांगून टाक," आपा म्हणाली. "केसच लावलेत, खून नाय केला."

"आणि त्या फोटोचं काय सांगू?"

मी रडलो. डोकं खाली घालून रडायचीही सोय नव्हती, ताठ बसून रडलो. युसरा मला फार आवडायची. शाळेतल्या गमती सांगितल्या की ती खुदकन हसायची, आणि ते हसणं मला टकलासकट मिळेल यावर माझा काही केल्या विश्वास बसत नव्हता.

रविवारी रहीमचाचा घरी आले. चहाला नको म्हणाले. मागावर आयुष्य गेलेला माणूस. धाग्यावरून हटत नसेल तशी त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हटेना. तेवढ्यात असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजेची अजान झाली. आपानं नमाजेसाठी दोन जानमाज अंथरल्या आणि माझ्या जानमाजवर सवयीनं खुर्ची ठेवली.

"बेटा, खाली बसवतच नाय का?" चाचांनी विचारलं.

मी खुर्ची उचलून भिंतीला लावली.

असरच्या चार रकात, दर रकातीला दोन, म्हणजे आठ सजदे. पहिल्याला श्वास रोखून कपाळ टेकलं. काहीच दुखलं नाही. डोक्याचा पुढचा भाग अजून बधिर होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली, कारण वर काय होतंय ते कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्याला टोपीची कड घासल्यासारखी वाटली. पाचव्याला भुवई ओली झाली. तोंडानं आयत चालू होती आणि मन चाचांना सांगत होतं, गुडघे बघा, कंबर बघा, पोरगा धडधाकट आहे. ही नमाज मी अल्लाहसाठी पढत नव्हतो. मला स्वतःची शिसारी आली, तरी मी थांबलो नाही. आठव्या सजद्यातून उठलो तेव्हा जानमाजवर लाल डाग होता.

नमाजेच्या शेवटी सलाम फेरून चाचा माझ्याकडं वळले. "या अल्ला, हे काय?"

मी टोपी काढली. पुढच्या खपल्या सोलून निघाल्या होत्या.

"केस लावलेत चाचा. आजार काहीच नाही. हव्या त्या दवाखान्यात नेऊन तपासा."

त्यांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"लाइबाच्या नवऱ्याला लई दाट केस व्हते," ते म्हणाले. "आमी काय केसं बघून पोरगी देतोय का? मी परवा फोनवर विचारलं. हात जोडून विचारलं. तुमी कमर सांगितली. लाइबाच्या सासरच्यांनीबी आमाला असंच गोड बोलून सांगितलं व्हतं. पुन्ना तसलं घर नको बेटा."

त्यांनी चपला घातल्या. मी तसाच उघड्या डोक्यानं मागं धावलो. मला ऊन टाळायचं होतं, लोक टाळायचे होते, आणि गल्लीत दोन्हीही भरपूर होतं. चाचा रिक्षात बसत होते.

"चाचा, युसराला एवढंच सांगा. मला टक्कल आहे. तो फोटो जुना होता. दुसरं काही लपवलं नाही मी."

"टकलाचं तिला मंगनीच्या दिवशीच कळलंय," चाचा म्हणाले. "मिठाई उचलायला वाकलात, तवा टोपी सरकली व्हती. आईला म्हणाली, असू दे. मग तुमचा तो फोटो आला. तवापासून वाट बघत व्हती, खरं कवा सांगता म्हणून."

रिक्षा वळून दिसेनाशी झाली. मी तिथंच उभा राहून युसराला फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. मी परत लावला.