दाढेवरचा तुकडा

नीलमने उशी उलटी केली, चादर झटकली, मग गादीच उचलून भिंतीला टेकवली. तुकडा कुठेच नव्हता. हातातलं पारदर्शक प्लास्टिक तिनं पुन्हा खिडकीच्या उजेडात धरलं. उजवीकडे शेवटच्या दाढेवर बसणारा, करंगळीच्या नखाएवढा भाग तुटून गेला होता.

"गिळला का तू?"

"मले काय मालूम? झोपेत होती न मी," खुशी म्हणाली आणि खोकली. पहाटेपासून ती अशीच खोकत होती. नीलमला आधी वाटलं होतं, पंख्याची हवा लागली असेल.

खुशीच्या मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या क्लाससाठी मायलेकी जूनमध्ये मोर्शीहून अकोल्याला आल्या होत्या. दिवाळीनंतर पोरगी झोपेत दात खायला लागली. खडे भरडावेत तसा आवाज यायचा. सकाळी तिला जबडा नीट उघडता येत नसे. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, माप घेऊन दातांवर बसणारं कव्हर करावं लागेल, दोन-तीनदा यावं लागेल. पण त्यांची वेळ आणि क्लासची वेळ एकच होती. "परीक्षा झाल्यावर पाहू," मोर्शीहून तिचा नवरा अनुप फोनवर म्हणाला होता.

मग नीलमनं मोबाइलवर पाहून ते घरीच केलं. बॉक्सिंगवाली पोरं दातांत धरतात ते प्लास्टिक खेळाच्या दुकानातून आणलं, गरम पाण्यात मऊ केलं, खुशीला चावायला लावलं. मागून टोचतं म्हणाली तेव्हा कात्रीनं कडा कापून दिल्या. तुटलं होतं ते नेमकं तिथंच.

रिक्षात खुशी दर दोन मिनिटांनी खोकत होती. नीलम खोकल्यांमधलं अंतर मोजत बसली.

छातीच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप पाठीवर दोन्हीकडे फिरवला, उजवीकडे जरा जास्त वेळ ठेवला. एक्स-रे काढून घेतला. मग उरलेलं प्लास्टिक हातात घेऊन पाहिलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं नीलमला वाटलं.

"प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. पण उजव्या फुप्फुसात हवा नीट जात नाहीये. भूल देऊन, दुर्बीण घालून पाहावं लागेल. आजच."

सही करताना तिनं आडनाव दोनदा लिहिलं.

बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा अनुपचा फोन आला. तो बसमध्ये होता.

"काय म्हणते डॉक्टर?"

"आत नेलं तिले."

"रविवारची टेस्ट हुकते काय मंग?"

पलीकडे बसचा हॉर्न वाजत राहिला. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "नाई, असंच विचारलं."

पाऊण तासानं नर्सनं स्टीलची वाटी आणून दाखवली. तळाशी तुकडा होता. इतका लहान, की नीलमला तो आधी दिसलाच नाही.

खुशी संध्याकाळी गाढ झोपली ती दुसऱ्या दिवशी नऊलाच उठली. अनुप खाली चहा आणायला गेला होता. डॉक्टर आले, छाती ऐकली, मान हलवली.

"छान. दुपारी घरी जा. उद्यापासून क्लास करायला हरकत नाही. आणि दातांचं काम दातांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. घरी काही नको."

"हो सर," नीलम म्हणाली. तिनं पिशवीत टॉवेल भरला, डबा भरला. मागं वळून पाहिलं तर खुशी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून पडली होती.

"ऊठ न बेटा. वेणी घालून देतो."

"आई, उद्या जाऊ न घरी."

"काहून? दुखून राहिलं का?"

खुशीनं नकारार्थी मान हलवली.

"इथं कोनी उठवत नाई," ती म्हणाली.

नीलम पिशवीचा बंद धरून तशीच उभी राहिली. मग पिशवी खाली ठेवली आणि भराभरा बाहेर गेली. डॉक्टर जिन्यापर्यंत पोचले होते.

"सर," तिनं हाक मारली. ते थांबले. "एक रात अजून ठेवता का तिले? खोकला हाये अजून."

सकाळपासून खुशी एकदाही खोकली नव्हती.