पाटावरचा रविराज

अंबडच्या कारखान्यातून सिडकोतल्या घरी आलो की मला बोलायचीसुद्धा ताकद नसते. माझी बायको ज्योत्स्ना दिवसभर शिलाई मशीनवर वाकलेली असते. तिचंही तेच. पण आठ वाजता रविराजची मालिका लागली की ती मशीन थांबवते आणि अर्धा तास आमच्या घरात हसू ऐकू येतं.

रविराज त्यात फौजदार आहे. पळतो, भिंतीवरून उड्या मारतो, दमत म्हणून नाही. तो पडद्यावर आला की ज्योत्स्ना खुदकन हसते, चक्क लाजते. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? पण ते हसू ऐकायलाच मी आठच्या आत घर गाठायचो.

मग कळलं की पैसे भरले की हा माणूस व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं बोलतो. तिच्या वाढदिवसाला मी कॉल ठरवून टाकला. म्हटलं, नुसता दिसला तर एवढी हसते, बोलला तर वर्षभर पुरेल.

बाईसाहेबांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. "पाहुणा पहिल्यांदा घरी येतोय, ओवाळायला नको?" रांगोळी काढली, पाट मांडला आणि तांब्याला टेकवून मोबाइल पाटावर बसवला. मी कपाळाला हात लावला.

कॉल लागला. रविराज कुठल्याशा गाडीत बसला होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "हॅपी बर्थडे, ताई," तो म्हणाला. "सॉरी हं, सकाळपासून कॉलच चाललेत."

"जरा स्थिर बसा, ओवाळते," ज्योत्स्ना म्हणाली.

त्या बिचाऱ्यानं खरंच डोक्यावर रुमाल घेतला, मान खाली घातली, डोळे मिटले. तिनं मोबाइलपुढे निरांजन फिरवलं. ओवाळून होईपर्यंत त्याची हनुवटी छातीला टेकली आणि तो घोरायला लागला.

मी भडकलो. "ओ साहेब! फुकट नाही लावलाय कॉल!"

ज्योत्स्नानं मला हातानं गप्प केलं. "झोपू द्या हो."

वेळ संपली, कॉल आपोआप तुटला. काळ्या पडद्यापुढे ती तबक धरून बसून राहिली.

त्या रात्री आठला टीव्ही मीच लावला. रविराज गुंडाच्या मागे धावत होता. ती मशीन चालवतच राहिली.

"अगं, लागलीय तुझी मालिका."

"बंद करा."

"रागावलीस त्याच्यावर?"

"राग कसला? चांगला आहे बिचारा." तिनं दातानं दोरा तोडला. "पण आता त्याला बघितलं की मला तुम्ही दिसता. तुम्हाला तर मी रोज बघतेच."

मी टीव्ही बंद केला.