आधी ठकीला मांडवात बसवा

उधवा गावच्या त्या वारली पाड्यात नवशीबाईचा आवाज ऐकल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. ती धवलेरी, गाण्यांनी लग्न लावणारी बाई. तिनं गाणी म्हणायची, तेव्हा कुठं नवरा-नवरी एकमेकांची व्हायची. आता तिची साठी उलटली होती. त्या सकाळी ती ओट्यावर एकटीच भाकर खात होती. घरची माणसं आत आणि हिची ताटली बाहेर! सून योगिता वाईट नव्हती हो, पण भाकर लांबूनच टाकायची.

कारण काय, तर कोरडा खोकला. विहिरीपर्यंत गेलं तरी दम लागे, डोळे लाल होत, नडग्यांवर गाठी आलेल्या. टीबीच असणार म्हणून गोळ्या झाल्या, उतार पडला नाही. मग मुलगा उमेश तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला होता. उत्तर अजून यायचं होतं, पण पाड्याला धीर कुठला! त्यांनी आपला निकाल लावून टाकला होता.

तेवढ्यात शेजारचा पांड्या आला. त्याच्या पोरीचं, प्राजक्ताचं, लग्न तोंडावर आलेलं. अंगणाच्या कडेलाच उभा राहून म्हणाला, "काकी, गाणी तुझीच पायजेत. माईक गोठ्यामागं लावतो. तू तिथं बसून गा, मांडवात आयकू येल."

काय डोकं बघा! आवाज हवा, श्वास नको.

"नि तुझी आय कुठं बसंल?" नवशीनं विचारलं.

 पांड्याच्या आईला, ठकीला, खरोखरच टीबी झाला होता. नेमानं गोळ्या घेऊन तिची थुंकी तपासणीत स्वच्छ आली होती. आता तिच्यापासून कुणाला लागण नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पांड्याला समोर बसवून सांगितलं होतं. तरी पोटच्या पोरानं तिला शेतातल्या खोपटातच ठेवलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवशीच्या तपासणीचं उत्तर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा टीबी नाही, सारकॉइडोसिस आहे. आपल्या अंगाची राखण करणारी शक्तीच बिथरते आणि फुफ्फुसात, कातडीत गाठी करते. उतारवयातही होतो. औषध बरेच दिवस घ्यावं लागेल, पण हा कुणाला लागत नाही."

उमेशनं पाड्यात शिरताच ओरडून सांगितलं. योगिता रडत सासूच्या पाया पडली. पांड्या धावत आला, "काकी, माईक मांडवात!" नवशीला आनंद झाला का? झाला, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती मांडवात बसली ती तोंड मिटून. वऱ्हाड खोळंबलं.

"काकी, चालू कर ना."

"आधी ठकीला आण."

"तुला तो रोग नाय, काकी. आयची गोष्ट येगळी."

"येगळी कशी? मना टीबी निघाला असता तर गोठ्यामागंच बसवली असती ना? मी तीच, माझा आवाज तोच. रोगाचं नाव बदललं म्हणून मना आत घेतली! तिच्या नातीचं लगीन हाय. ती बसंल तवा मी गाईन. नायतर लाव तुझा डीजे."

"लोक उठून जातील."

"जाऊ दे."

हळदीनं माखलेली प्राजक्ता उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही जाता का मी जाऊ आजीला आणायला?"

पांड्या खोपटाकडं निघाला.

ठकी आली, पण कुठं बसावं हेच तिला कळेना. नवशीनं हाताला धरून तिला आपल्या शेजारी बसवलं आणि गाणं सुरू केलं. मध्येच खोकल्याची उबळ आली. सारा मांडव तिच्याकडे बघत राहिला. ठकीनं आपला पाण्याचा तांब्या पुढं केला आणि लगेच भिऊन मागं घेतला. नवशीनं तो ओढून घेतला आणि ती तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली.

"ज्याला उठायचं हाय, त्यानं आत्ताच उठा," ती म्हणाली.

काही जण उठले. तुमच्यासारखे पेपर वाचणारेच आधी उठले. नवशीनं त्यांच्या पाठीकडं एकवार पाहिलं आणि पुढची ओळ आणखी मोठ्यानं म्हटली.