ओढ्याअलीकडचं एकच मत

मतदारसंघाचा नवा नकाशा आला, तेव्हा हॉलिसनं तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि पोट धरून हसला. "बघ नेटी, ट्रकखाली चिरडलेल्या खारीसारखा दिसतोय!"

वर बसलेल्या कुणीतरी मतांचं गणित मांडून आमच्या ओढ्यावरूनच रेघ मारली होती. ओढ्यापलीकडचं सगळं गाव नव्या मतदारसंघात गेलं. अलीकडे, जुन्या मतदारसंघात, राहिली पाच घरं. त्यातली चार रिकामी. खाण बंद पडल्यावर माणसं गेली, काही शहरात, काही टेकडीवरच्या दफनभूमीत. शेवटचे पर्डी नवराबायको वसंतात मुलीकडे राहायला गेले. उरले मी, नेटी बर्डेट, वय वर्षं चौऱ्याहत्तर.

"म्हणजे तुझ्या भागात मतदार एकच," हॉलिस म्हणाला. "आणि मतदान संपलं की प्रत्येक भागाची निकालपट्टी चर्चच्या दारावर लावतात. तुझी वेगळी लागणार. एकूण मतं एक, आणि आपल्या पक्षाला शंभर टक्के! फोटो काढून पक्षाच्या ऑफिसात नाही लावला तर नावाचा हॉलिस नाही."

मी हसले, आणि नकाशाची घडी घालायला लागले. सव्वीस वर्षं मी त्या पक्षाला मत दिलेलं नव्हतं, आणि हे पृथ्वीच्या पाठीवर एकाही माणसाला ठाऊक नव्हतं.

हॉलिस म्हणजे माझ्या नवऱ्याचा, ओर्विलचा, खाणीतला जोडीदार. आणि पक्षाचा इथला कार्यकर्ता. प्रत्येक निवडणुकीत दारोदार जाऊन मतं मागणारा. ओर्विल गेल्यापासून दर गुरुवारी माझं सामान घेऊन येतो, गळका नळ बघतो, राजम्याचं सूप आणि मक्याचा ब्रेड हाणतो, आणि मग आम्ही रमी खेळतो. पत्ते लपवतो मेला, आणि वर माझ्यावरच आळ घेतो. आठवड्यातून तेवढाच एक माणसाचा आवाज माझ्या घरात येतो. बाकीचे सहा दिवस मी रेडिओशी भांडते.

आता त्याच पक्षाच्या आमच्या खासदाराचं सांगते. डनलेव्ही. अठ्ठावीस वर्षं निवडून आला. मी त्याच्या गावातल्या ऑफिसात टाइप करायची. लोकांच्या अर्जांना उत्तरं द्यायला सहा ठरलेली पत्रं होती. चार नंबरचं पत्र गोड होतं : 'आपला अर्ज सहानुभूतीनं विचारात घेतला जात आहे.' त्याचा अर्थ, अर्ज खणात, आणि खण बंद. अशी किती पत्रं माझ्या हातून गेली, देव जाणे. पोटाची नोकरी होती, करत होते.

मग ओर्विलची फुफ्फुसं कोळशानं भरली. दोन पावलं चालला की भिंत धरायचा. त्याचा भरपाईचा अर्ज मी स्वतः साहेबांच्या हातात दिला. "बघतो ना, नेटी," म्हणाले. तीन आठवड्यांनी टपालात पाकीट आलं. माझ्याच ऑफिसातून, माझ्याच घरी, चार नंबर. ओर्विल खूश झाला. "विचार करतायत म्हणे," म्हणाला, आणि पत्र उशीखाली ठेवून झोपला. त्याला मी खरं सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? फेब्रुवारीत तो गेला.

तेव्हापासून पडद्याआड गेले की माझी पेन्सिल दुसरीकडे वळायची. म्हातारा डनलेव्ही मेला, त्याचा मुलगा उभा राहिला, तरी वळायची. बाहेर हॉलिस मोटारीचं दार उघडून उभा असायचा. "दिलंस ना आपल्याला?" "हो रे बाबा," मी म्हणायची. खोटं बोलायची, कारण गुरुवार हवा होता मला.

यंदाही त्यानंच नेलं. चर्चच्या तळघरात मतपत्रिका वाटणारी ग्लेंडा ओशाळली. "माफ करा हं, मिस नेटी. तुमच्यासाठी अख्खा वेगळा गठ्ठा छापलाय, आणि पट्टी लावायचा नियम आहे." पलीकडे बायका केक विकत होत्या. माझी पट्टी वेगळी लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं. माझं मत म्हणजे गावची करमणूक झाली होती.

पडद्याआड बराच वेळ उभी राहिले. एक गोल काळा करायचा. धाकट्या डनलेव्हीचा केला की गुरुवार शाबूत. पेन्सिल टेकवलीसुद्धा. मग उशीखालचं ते पत्र आठवलं, आणि मनात म्हटलं, नेटीबाई, चार नंबरची पत्रं तू पुष्कळ पाठवलीस, आता हे आणखी एक गोड खोटं नको. मी दुसरा गोल काळा केला.

संध्याकाळी मतमोजणीच्या मशीनमधून निघालेली पट्टी दारावर लागली. हॉलिस फोन हातात घेऊन पुढे झाला. चष्मा वर केला, बोट ओळीवर ठेवलं, पुन्हा ठेवलं.

"मशीन चुकलंय," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "नेटी, म्हण ना, मशीन चुकलंय."

इतकं सोपं करून दिलं होतं त्यानं. पण मी म्हटलं, "नाही चुकलं."

गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. चार नंबर, खण, उशी. गाडी पूल ओलांडून आली. माझ्या फाटकाशी गाडी थांबवून म्हणाला, "मत तुझं होतं. कुणालाही दे. पण सव्वीस वर्षं मी त्या बापलेकांसाठी दारं ठोठावली. दर दारात ओर्विलचं नाव घेतलं, की माझ्या दोस्ताचा अर्ज साहेबांनी मनावर घेतला होता, देवानंच वेळ दिला नाही. लोक आदरानं टोप्या काढायचे, नेटी. आणि तू मला ठोठावू दिलंस."

मला आपली माझ्या गुरुवारची काळजी होती. त्याच्या सव्वीस वर्षांचा विचार मी कधी केलाच नव्हता. त्यानं खाली उतरून नेहमीसारखं माझं दार उघडलं, आणि गेला.

गुरुवारी मी राजमा शिजवला, पत्ते काढून ठेवले. तो आला नाही. दुसऱ्या गुरुवारी चारच्या सुमाराला त्याच्या गाडीचा आवाज आला. मी धडपडत उठले, केस सारखे केले, खुर्चीशी उभी राहिले. म्हटलं, ठोठावेल, मग उघडू. लगेच उघडलं तर बरं दिसत नाही.

गाडी वळून गेली. कडीला पिशवी लटकत होती. कॉफी माझ्याच आवडीची, ब्रेड, नळाचा नवा वॉशरसुद्धा. सगळ्या मुलखाची दारं ठोठावत हिंडलेला माणूस, पण माझं दार त्यानं ठोठावलं नाही. मी पिशवी आत घेतली आणि रेडिओ लावला.